कीलची शर्यत आणि अकरावीचं कॉलेज

कुलाब्याहून एक वडील लिहितात: "आमचा मासेमारीचा धंदा. लेक दहावीत आहे, क्लबात आयएलसीए 4 ही शिडाची होडी चालवते. जर्मनीतल्या कीलच्या शर्यतीचं तिने मनावर घेतलंय. अकरावी एक वर्ष थांबवून नुसता सराव करते म्हणते. पुढे पोटापाण्याचं काय?"

दादा, अकरावी थांबवू नका. कारण मार्कांचं नाही, होडीचं आहे. ऑलिम्पिकला मुलींची होडी आयएलसीए 6. सांगाडा तोच, 4.23 मीटरचा, पण शीड 4.7 चौरस मीटरवरून 5.76 वर जातं. जोराच्या वाऱ्यात ते पेलायला अंगात वजन आणि ताकद लागते, ती एका वर्षात येत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं तशीही त्यातच जाणार.

कीलची ही शर्यत, कील वीक, 1882 पासून चालू आहे, दर जूनला. आपल्याकडे तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शिवाय बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. ओहोटीची ओढ ओळखून ती इथे पुढे निघत असेल, तर ती हुशारी तिथे कामाची नाही, नुसता वारा वाचावा लागेल. तेव्हा आत्ताच तिकिटाचे पैसे जमवायला लागू नका. तिला एक वही द्या. प्रत्येक शर्यतीनंतर लिहायचं: वारा कुठून फिरला, कितवी आली, नंबर कुठे गेला. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि सर्वांत कमी गुणांचा जिंकतो. एखादी शर्यत मारून भागत नाही, रोज वरच्या नंबरात यावं लागतं.

आता पोटापाणी. चीनमधल्या हांगझौच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत कांस्य मिळवणारा विष्णू सरवणन सैन्यात आहे. तिथेच आयएलसीए 4 मध्ये रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर देवासची, भोपाळच्या तलावात शिकलेली. (देवासला कुठला आलाय समुद्र!) राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात ते क्रीडा कार्यालयात आधी विचारा. आणि सायन्सच घ्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये 60 टक्के असले की आयएमयूची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची, सीईटी देऊन नॉटिकल सायन्सला, म्हणजे जहाज चालवण्याच्या शिक्षणाला, जाता येतं. त्याचं कॉलेज, टी. एस. चाणक्य, नेरूळलाच आहे. डोळे मात्र आधी तपासून घ्या, रंग नीट ओळखता आले पाहिजेत.

कॉलेज सकाळचं बघा, चर्चगेटच्या आसपासचं. वारा दुपारनंतरच उचलतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.