ऑइलचा लाल दिवा लागला तर आधी काय बघायचं?

हा दिवा म्हणजे इंजिनमधल्या ऑइलचं प्रेशर (दाब) कमी झाल्याचा इशारा. घाबरू नका, पण इंजिन लगेच बंद करा. 'गॅरेजपर्यंत जाईल हो' म्हणत गाडी हाकणं, इथेच बहुतेकांचं इंजिन जातं.

गाडी सपाट जागी लावून 10 मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, परत घालून मग बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी तेवढं भरा आणि गळती शोधा. ऑइल पातळ होऊन पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलाच.

पातळी ठीक असेल तर प्रेशर स्विचची (ऑइलचा दाब कमी झाला की हा दिवा लावणारा स्विच) वायर काढून पाहा. कनेक्टरच्या आत ऑइल दिसलं तर स्विच गेलाय; स्वस्तातला पार्ट आहे. तरी खात्रीसाठी त्या जागी मेकॅनिकल गेज (काट्याचं दाबमापक) लावून इंजिन गरम असताना प्रेशर मोजून घ्या. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) हा जुना अंदाज, खरा आकडा मॅन्युअलमधलाच.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- गेज न लावताच ऑइल पंप बदलणं
- जाड ऑइल ओतून दिवा विझवणं (जुनी गाडी विकणारेही हेच करतात!)

इंजिनची बेअरिंग झिजली तरी प्रेशर कमी होतं, पण ते नंतर बघू. आधी गेजचा आकडा कळवा, थंड आणि गरम दोन्ही.