शहरातल्या आवाजाचा लोकांना होणारा त्रास मोजून नकाशावर कसा दाखवावा?

आवाज मोजण्याचे यंत्र आपल्या हाती आहे, पण त्या आवाजाचा लोकांना किती त्रास होतो हे कसे मोजावे आणि नकाशावर कसे दाखवावे, असे आपण विचारले आहे. त्रास यंत्राला होत नाही, माणसांना होतो, म्हणून तो माणसांनाच विचारावा लागतो. याच मुद्द्यावरून आमच्या सोसायटीच्या सचिवांशी माझे तीन वर्षे बिनसलेले आहे.

आमची इमारत पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. पुढच्या सदनिकांना दिवसभर वाहनांची घरघर असते आणि मागे बोळ आहे. त्या बोळात रोज पहाटे पाचला भाजीचा टेम्पो रिव्हर्समध्ये शिरतो आणि त्याचा हॉर्न एक चिरकी धून वाजवतो, तीही शेवटचा सूर अर्धवट टाकून पुन्हा पहिल्यापासून. मागच्या रहिवाशांनी तक्रार केली तेव्हा सचिवांनी, जे निवृत्त अभियंता आहेत, मोबाइलवर मिनिटाला एक अशा तासभरात 60 नोंदी घेतल्या. त्यांपैकी 59 नोंदी 42 डेसिबलच्या आणि एक 80 ची होती. सगळ्यांची बेरीज करून त्यांनी 60 ने भागले आणि सभेत सांगितले, "42.6 आले. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे. मग त्रास कसला?" डेसिबल हे लॉगरिदमचे माप आहे, दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणून त्याची अशी सरासरी काढतच नाहीत; ऊर्जेची सरासरी काढून ती पुन्हा डेसिबलमध्ये मांडली तर त्याच नोंदींतून सुमारे 62 डेसिबल येतात. वर त्यांनी नकाशाही रंगवला, ज्यात पुढची बाजू लालभडक आणि माझी झोपायची खोली हिरवीगार होती.

मग मी वही घेऊन घरोघर गेलो आणि आवाजाचा त्रास कसा विचारावा हे सांगणाऱ्या आयएसओ 15666 या आंतरराष्ट्रीय मानकातला प्रश्न विचारला: गेल्या 12 महिन्यांत घरी असताना या आवाजाचा किती त्रास झाला, 0 ते 10 मध्ये सांगा. पुढचे बहुतेक जण 5 वर थांबले, मागच्यांनी 8 आणि 9 सांगितले, आणि एका आजींनी दहाच्या पुढे आकडा नाही का, असे विचारले. यात नवल काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी सुचवलेल्या मर्यादा एकाच मापात रस्त्यासाठी 53, रेल्वेसाठी 54 आणि विमानांसाठी 45 डेसिबल आहेत, कारण आवाज कशाचा आहे यावर त्रास ठरतो.

नकाशात उत्तरांची सरासरी दाखवू नका. 8 किंवा त्याहून अधिक सांगणाऱ्यांची टक्केवारी दाखवा, आणि तीही जिथे विचारले त्याच जागी वर्तुळाने. दोन घरांमधला भाग संगणकाकडून रंगवून घेणे म्हणजे ज्याला विचारलेच नाही त्याच्या तोंडी उत्तर घालणे होय. शेजारी डेसिबलचा नकाशा ठेवा आणि दोघांचे जिथे जुळत नाही तिथे आधी जाऊन उभे राहा.

आता एक कबुली. माझी पाहणी एकाच इमारतीची होती, विचारणारा मीच होतो आणि मी मागच्या बाजूला राहतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. आपण त्रयस्थ माणसाला पाठवावे. त्रासाचा आणि डेसिबलचा असे माझे दोन्ही नकाशे मी पुढच्या सभेत मांडले. इतिवृत्तात "आवाज मर्यादेत आहे" एवढीच नोंद झाली, आणि ती सचिवांच्याच अक्षरात आहे.