चार लाखांचा ‘शेवटचा’ डाव मांडावा का?

प्रश्न : भांडुपला राहतो, नोकरी मरोळला. परळच्या चाळीतली आईची खोली विकली, माझ्या वाट्याला १४ लाख येतील. तीन वर्षांत शेअर बाजाराच्या ऑप्शन्समध्ये ११ लाख गेले. त्यापायी काढलेल्या पर्सनल लोनचे ६ लाख आणि चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत, व्याज १५ टक्के. बायकोला कर्जाचं माहीत नाही. वाटतं, ४ लाख लावून गेलेले रिकव्हर करावेत आणि मग कायमचं बंद. उरलेले एफडीत. मला कसलंही व्यसन नाही, आकडे मांडूनच निर्णय घेतो. एक्सेल शीट जोडली आहे.

उत्तर : तुमची शीट मी दोनदा वाचली. पहिल्याच ओळीत नियम आहे : ‘दिवसाला ५,००० तोटा झाला की स्क्रीन बंद.’ नियम उत्तम आहे. मग मी फक्त एक्सपायरीचे, म्हणजे ऑप्शन्सची मुदत संपते ते, मंगळवार पाहिले. त्यातल्या १७ मंगळवारी ५,००० गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच दुप्पट लॉट, म्हणजे दुप्पट मोठे सौदे, घेतलेले दिसतात, बहुतेक दुपारी दोननंतर. नियम लिहिणारे तुम्हीच आणि मोडणारेही तुम्हीच. आकडेमोड दोघंही करतात, पण मंगळवारच्या माणसाचा हिशोब साडेतीनला बाजार बंद होण्यापलीकडे जात नाही. ‘मी विचार करून ठरवतो’ हे तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. चार लाख कुणाच्या हाती पडणार, एवढंच मला दिसतंय.

व्यसनी माणूससुद्धा पुढचा नफा-तोटा तोलूनच वागतो, असं गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं. मला ते निम्मंच पटतं. सिगारेट महागली की ओढणं कमी होतं, हे खरं आहे. तुमच्या त्या १७ मंगळवारांचा उलगडा मात्र त्यातून होत नाही. तरीही माणूस इतका हिशोबी धरल्यावर त्यांच्याच मांडणीतून निघतं की जबर सवय थोडी थोडी करून सुटत नाही, एकदम तोडावी लागते. कारण आजचा प्रत्येक डाव उद्याची ओढ वाढवतो. म्हणजे ‘शेवटचे ४ लाख’ त्यांच्या हिशोबातही बसत नाहीत.

साध्या गणितातही बसत नाहीत. ११ लाख भरून काढायचे तर ४ चे १५ व्हायला हवेत, म्हणजे २७५ टक्के नफा. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा अभ्यास केला, त्यात एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटाच झाला होता. लागोपाठ दोन वर्षं तोटा सोसूनही त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले. तुम्ही एकटे नाही, म्हणूनच हे सांगतोय.

आता काय करायचं. पैसे आले की आधी कर्ज फेडा. सध्याचा हप्ता १६,७०० च्या आसपास असणार, चार वर्षांत दोन लाखांवर व्याज जाईल. फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडण्याचं, शुल्क वजा करूनही याहून चांगला खात्रीचा परतावा मला कुठे दिसत नाही. कर्ज फिटल्याचं पत्र, म्हणजे एन.ओ.सी., हातात घ्या.

राहिलेल्या ८ लाखांपैकी २ लाख अडीअडचणीला, वहिनींच्या खात्यात. सहांची एफडी, पण तुमच्या एकट्याच्या नावावर नको. एक कोटीपर्यंतची ठेव मुदतीआधी मोडायची सोय बँकेला द्यावीच लागते, आणि मोबाईलवर ती दोन मिनिटांत मोडते. म्हणून संयुक्त ठेव करा आणि फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ न लिहिता ‘जॉइंटली’ लिहा. मग मोडायलाही दोघांच्या सह्या लागतील.

ब्रोकरला कळवून एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घ्या. पुन्हा सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा मागतात, तेवढाही अडथळा उपयोगी पडतो. सुटलेल्या हप्त्याची आरडी लावा. एरवी मी इंडेक्स फंड सांगितला असता. तुम्हाला वर्षभर तोही नको, कारण बाजाराचं ॲप फोनवर नसणं सध्या परताव्यापेक्षा मोलाचं आहे.

हे सगळं वहिनींच्या सहीवर उभं आहे, तेव्हा कर्जाचं त्यांना आधी सांगावं लागेल. ते जड जाईल, मला कल्पना आहे. सांगण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि खोलीचे पैसे जमा व्हायच्या आधीच्या एखाद्या रविवारी, लोनचं स्टेटमेंट समोर ठेवून, पूर्ण आकडा सांगा. ११ लाख आणि ६ लाख, दोन्ही.