२०२६ च्या मोटोजीपी हंगामात मार्क मार्केझच जिंकणार का, आणि जिंकतो तो रायडर की गाडी?

आपण लिहिले आहे की आपल्या मित्रमंडळीत मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेच्या नव्या हंगामाआधीच दोन तट पडले आहेत. एका गटाच्या मते गतविजेत्या मार्केझसमोर कोणाचा निभाव लागणार नाही, तर दुसऱ्या गटाच्या मते हे सारे त्याच्या डुकाटी मोटरसायकलचे श्रेय असून त्या गाडीवर कोणीही बसला असता तरी जिंकला असता. माझे मत आधीच सांगतो. उजवा खांदा साथ देत असेल तर विजेतेपदाचा पहिला दावेदार मार्केझच आहे. मात्र दोन्ही गट रायडर आणि गाडी यांना वेगवेगळ्या पारड्यांत तोलत आहेत, आणि गेल्या दोन हंगामांचा हिशेब पाहिला तर तसे तोलता येत नाही.

२०२४ मध्ये फ्रान्चेस्को बान्यायाने डुकाटीच्या फॅक्टरी, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, संघाकडून रविवारच्या तब्बल ११ शर्यती जिंकल्या. विजेतेपद मात्र दहा गुणांच्या फरकाने होर्हे मार्टिनकडे गेले. पुढच्या वर्षी बान्याया नव्या गाडीवर बसला आणि त्याची जुनी, म्हणजे २०२४ ची, गाडी डुकाटीच्याच गाड्या वापरणाऱ्या ग्रेसिनी संघातून मार्कचा धाकटा भाऊ अॅलेक्स मार्केझकडे आली. त्या ‘जुन्या’ गाडीवर अॅलेक्सने तीन शर्यती जिंकून हंगामात दुसरा क्रमांक मिळवला. नव्या गाडीवर मार्कने ११ शर्यती आणि १४ स्प्रिंट, म्हणजे शनिवारच्या छोट्या शर्यती, जिंकून ५४५ गुण कमावले, आणि अगदी तशाच गाडीवर, त्याच गॅरेजच्या दुसऱ्या बाजूला बसणारा बान्याया २८८ गुणांसह पाचवा राहिला. गाडीच सर्व काही असती तर बान्याया पाचवा आला नसता, आणि रायडरच सर्व काही असता तर एका हिवाळ्यात बान्यायाचे कौशल्य आटले असे म्हणावे लागेल. मला दोन्ही पटत नाही.

खरी मेख ब्रेकमध्ये आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारत ग्रां प्री झाली, तेव्हा मी पुण्याहून तेथे गेलो होतो आणि मागच्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी उन्हात बसलो होतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर आलेल्या गाड्या तेथे अवघ्या काही क्षणांत शंभराच्या घरात येतात. त्या क्षणी मागचे चाक जमिनीवरून किंचित उचललेले असते आणि गाडीचा सारा भार पुढच्या टायरवर आलेला असतो. बहुतेक रायडर एका ठरावीक खुणेपाशी ब्रेक दाबत होते. मार्केझ त्या वेळी होंडावर होता आणि ती गाडी त्या काळी मागे पडली होती हे सर्वांना ठाऊक होते, तरीही तो त्या खुणेच्या पुढे जाऊन ब्रेक लावत असे. गाडी आडवी-तिडवी हलत असताना तो वळणात शिरे, आणि मागचे चाक घसरत असेल तर त्या घसरण्याचाच उपयोग गाडी वळवण्यासाठी करी. शनिवारच्या स्प्रिंटमध्ये त्याने त्याच गाडीवर तिसरा क्रमांक मिळवला. रविवारी मात्र तो सुरुवातीलाच पडला, उठून पुन्हा शर्यतीत आला आणि नववा राहिला. त्या दोन दिवसांत मला जे कळले ते आकड्यांच्या कोणत्याही तक्त्यातून कळले नसते.

बान्यायाची पद्धत नेमकी उलट आहे. तो ब्रेक हळूहळू सोडत, पुढच्या टायरवर विश्वास टाकून, अत्यंत स्वच्छ रेषेत वळणात उतरतो. पुढच्या चाकाचा अंदाज येत असेल तोवर त्याला गाठणे कठीण असते, आणि तो अंदाज हरवला की तो साधा दहाव्या क्रमांकाचा रायडर वाटू लागतो. २०२५ मध्ये स्पेनमधील आरागॉनला तो स्प्रिंटमध्ये बारावा होता. रविवारी त्याने पुढच्या चाकाला नेहमीपेक्षा मोठी, ३५५ मिलिमीटर व्यासाची ब्रेक डिस्क लावली आणि तिसरा आला. एका डिस्कने एवढा फरक पडावा, याचा अर्थ हात उत्तम होता पण हाताला मिळणारा निरोप अर्धवट होता. पुढे जपानमधील मोटेगीत त्याने स्प्रिंट आणि मुख्य शर्यत दोन्ही जिंकल्या, आणि लगेच पुढच्या आठवड्यात इंडोनेशियातील मंडालिकाच्या स्प्रिंटमध्ये तो सर्वांत शेवटी आला. तेव्हा आपल्या मित्रांनी त्याला मोडीत काढू नये. २०२२ मध्ये यामाहाच्या क्वार्टारारोच्या ९१ गुण मागे असताना त्याने विजेतेपद खेचून आणले होते, हे मी विसरू शकत नाही.

आता मार्केझच्या खांद्याविषयी. मोटेगीत विजेतेपद निश्चित केल्यावर आठवड्याभरातच मंडालिकात अप्रिलियाच्या मार्को बेझेक्कीची धडक बसून तो पडला, उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्या चार शर्यती हुकल्या. २०२० मध्ये स्पेनमधील हेरेझला याच हाताचे दंडाचे हाड मोडले होते आणि त्यासाठी चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढचा ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही उजव्या हातात असतात आणि ब्रेक मारताना शरीराचा भार दोन्ही हातांवर येतो, त्यामुळे ज्या गोष्टीत तो सर्वांत सरस आहे तिच्यासाठीच हा खांदा लागतो. गेल्या वर्षी त्याने आरागॉनपासून हंगेरीपर्यंत सलग सात वेळा शनिवार-रविवारच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, म्हणजे दर वेळी शक्य तेवढे सगळे ३७ गुण घेतले. शनिवारचे बारा आणि रविवारचे पंचवीस असे गुण असतात. त्यामुळे एखादा रायडर दोन्ही दिवस पूर्ण ताकदीने लढू शकत नसेल तर दुखणे दुप्पट महाग पडते.

तो कमी पडला तर कोण? माझ्या मते अप्रिलियाचा मार्को बेझेक्की. सिल्व्हरस्टोनला तो जिंकला तेव्हा अनेकांनी त्या विजयाला दैवाचा कौल म्हटले, कारण पुढे असलेल्या क्वार्टारारोच्या यामाहाची मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा अडकली होती. पण हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यती, पोर्तिमाओ आणि व्हॅलेन्सिया, बेझेक्कीनेच जिंकल्या, आणि त्याआधी फिलिप आयलंडला ट्रॅकहाउस संघाच्या राउल फर्नांडिसने अप्रिलियावरच पहिला विजय मिळवला होता. गाडी वेगवेगळ्या रायडरांच्या हाती जिंकू लागते तेव्हा ती खरोखर चांगली झाली असे मी मानतो. आता अप्रिलियाकडेच असलेला मार्टिन दुखापतींतून सावरून पूर्ण हंगाम खेळला तर अप्रिलियाकडे दोन दावेदार असतील.

यामाहाविषयी मला कुतूहल अधिक आहे आणि अपेक्षा कमी. इतकी वर्षे जपलेले इनलाइन चार सिलिंडरचे इंजिन सोडून ते आता व्ही-४ कडे, म्हणजे V आकारात मांडलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाकडे, वळले आहेत, आणि यामाहाच्याच गाड्या वापरणाऱ्या प्रामॅक संघात तोप्राक राझगात्लिओग्लू आला आहे. तीन वेळा सुपरबाइकचा, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या शर्यतींचा, जगज्जेता असलेला हा तुर्की रायडर ब्रेक मारण्यात मार्केझच्याच जातीचा आहे. मात्र त्याची सुपरबाइकमधली सारी कारकीर्द पिरेली टायरवर घडली, आणि मोटोजीपीत या वर्षी अजून मिशेलिनच आहे, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत त्याच्यावर निकाल देऊ नये. होंडा वर चढते आहे एवढेच म्हणतो.

केटीएमबद्दल पुण्याचा माणूस म्हणून थोडे हळवे होऊन लिहितो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या ऑस्ट्रियन कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया ओढवली तेव्हा रेसिंग बंद पडेल अशी भीती होती. तिला सावरले ते आकुर्डीच्या बजाज ऑटोने, आणि २०२५ अखेर नियंत्रणही त्यांच्याकडे आले. चाकणला बनलेली केटीएमची ड्यूक चालवणाऱ्या कितीतरी मुलांनी केटीएमचा रायडर पेड्रो अकोस्टा याला आपला मानले आहे. गेल्या वर्षी तो चौथा आला, पण मोटोजीपीतला पहिला विजय त्याला अजून मिळालेला नाही. तो मिळावा असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट वादात सहसा कोणी घेत नाही. २०२७ मध्ये इंजिन १००० वरून ८५० सीसीचे होणार आहे, त्यामुळे डुकाटी, अप्रिलिया आणि केटीएम यांना २०२५ च्या सुरुवातीला नोंदवलेलेच इंजिन या वर्षीही वापरावे लागणार आहे. म्हणजे डुकाटीची मोठी उडी संभवत नाही, आणि इतरांनी कापलेले अंतर टिकण्याची शक्यता वाढते.

फेब्रुवारीतील मलेशियातल्या सेपांगच्या चाचणीत एका वेगवान फेरीचा आकडा पाहून मत बनवू नका. सलग दहा-बारा फेऱ्यांचे वेळ पाहा आणि शेवटच्या फेऱ्यांत टायर झिजल्यावर कोणाचा वेग किती घसरतो ते पाहा. त्यानंतर पहिली शर्यत थायलंडमधील बुरीरामला आहे. तेथील उष्णतेमुळे मिशेलिन मागे अधिक कडक बांधणीचा टायर आणते, म्हणून तेथला निकाल इतरत्र जसाच्या तसा लागू होत नाही. गेल्या वर्षी तेथे मार्केझ आघाडीवर असताना मुद्दाम संथ झाला आणि त्याने अॅलेक्सला पुढे जाऊ दिले. पुढच्या टायरचा दाब १.८ बारच्या खाली राहिला तर रविवारी १६ सेकंदांचा दंड बसतो, आणि पुढच्या गाडीच्या मागे राहिले की टायर तापून दाब वाढतो. अखेरच्या तीन फेऱ्या उरल्या तेव्हा त्याने अॅलेक्सला पुन्हा मागे टाकले. यंदा बुरीरामला मी आधी लांब पट्ट्याच्या शेवटचे तिसरे वळण पाहणार आहे. तेथे मार्केझ उजव्या हातावर भार घेऊन उशिरा ब्रेक लावतो का, आणि त्याच्या मागोमाग येणारा बान्याया ब्रेक सोडता सोडता न बिचकता गाडी आत घालतो का, हे दिसले की आपल्या मित्रांच्या वादाचे अर्धे उत्तर मिळेल.