साडेतीन तास मागचं घड्याळ

"मॅडम, बाहेर फिरायला गेलं की सगळं बरं वाटतंय ओ, घरी आलं की आठ दिवसात पहिले पाढे पंचावन्न, मग काय आम्ही कायमचं तिकडंच राहायचं का?"

मी समुपदेशन करते, आणि सुट्ट्या संपल्या की काळजीनं त्रासलेलं कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतंच, कुणी केरळहून आलेलं असतं, कुणी दुबईहून. त्यातल्याच एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका ६१ वर्षांचे. एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, आता सकाळची शिफ्ट धाकटा मुलगा बघतो आणि काका दुपारी जेवून जातात. म्हणजे कागदावर निम्मे रिटायर, पण कारखान्याचे सहा कॅमेरे मोबाईलवर. छातीत दडपतं म्हणून डॉक्टरांकडे गेले, ईसीजी बिसीजी सगळं नॉर्मल आलं आणि त्यांनी माझ्याकडे पाठवलं. (हा क्रम बरोबर आहे, छातीचं आधी डॉक्टरला दाखवायचं, मग आमच्याकडे यायचं.) मी विचारलं, कॅमेरा किती वेळा बघता? म्हणाले, दहा-बारा वेळा. शेजारी काकू होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "तासाला."

श्वासाचा व्यायाम दिला, चार दिवसांनी म्हणाले श्वास मोजताना पण कॅमेराच आठवतोय. तेवढ्यात मोठ्या मुलाकडे जर्मनीला जायचं ठरलं, स्टुटगार्टजवळ, मे-जूनमध्ये सहा आठवडे. सोलापूरचं ऊन चुकवायला बरंच की.

पहिल्या दिवशी काय केलं असेल तर पहाटे उठून स्वयंपाकघरातली सगळी पातेली नळाखाली धरून भरून ठेवली. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाण्याचा दिवस येतो, त्या दिवशी घरातलं एकही भांडं रिकामं राहत नाही, ती सवय हाताला. सूनबाई उठून बघते तर ओट्यावर पातेल्यांची रांग, आणि तिकडं नळाला चोवीस तास पाणी, तेही पिण्याचं.

मग पहिला रविवार आला आणि दूध संपलं. दुकानं बंद, एखादं नाही, सगळीच, बेकरी आणि स्टेशनवरची सोडून. रविवार विश्रांतीचा हे तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय, घराजवळ गवत कापायचं मशीन पण त्या दिवशी चालवत नाहीत. मुलगा म्हणाला, "पप्पा, उद्या आणू." काकांना हे उद्या आणू पचेचना, दूध नाही म्हणजे काय? शेवटी कोरा चहा घेऊन सगळे बाल्कनीत बसले, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. तो कोरा चहा काकांनी मला तीन सेशनमध्ये तीनदा सांगितला.

पण खरं काम चहानं केलं नाही असं माझं मत. तिकडचे लोक काही काळजी करत नाहीत असं थोडंच आहे, आणि सहा आठवडे काकांवर जबाबदारी तरी कसली होती, बिलं मुलगा भरत होता. काम केलं ते नातीनं. तीन वर्षांची नात आजी-आजोबांजवळ झोपायची, आणि काका पहाटे साडेचारला गजर लावून आपल्याकडची आठची शिफ्ट बघायचे, त्या उजेडानं पोरगी जागी व्हायची. सूनबाईनं मोबाईल रात्री हॉलमध्ये ठेवायला सांगितला. आता सुनेला नाही कसं म्हणणार? मग सकाळी आठला मोबाईल हातात यायचा, तेव्हा सोलापुरात साडेअकरा वाजलेले असायचे.

एकदा एका मागाची मोटर जळाली. काकांना कळलं तोवर जॉबरनं (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं) दुसरी बसवून माग चालू पण केला होता. मी म्हणलं, मग हायसं वाटलं असेल? काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, जरा वाईटच वाटलं. मला विचारलं पण नाही कुणी."

मला वाटतं सगळी गाठ इथं होती. काळजी मोटरची नव्हतीच, आपल्यावाचून चालतंय याची होती, आणि ही गोष्ट चाळीस वर्षं कारखाना ओढलेल्या माणसाला टॅबलेटनं कळत नाही. (ज्यांना सहा-सहा महिने जवळजवळ रोज काळजी, झोप नाही, कामात लक्ष नाही, त्यांना मी सायकियाट्रिस्टकडेही पाठवते, औषधाला कमी लेखत नाही.)

परत आल्यावर आठव्या दिवशी कॅमेरा चालू, दडपण चालू. काका हिरमुसून बसलेले आणि माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं, घड्याळात दीड आणि भिंतीवर पाच. म्हणाले, बदललंच नाही, नातीला फोन करायला बरं पडतं. म्हणलं, झालं तर मग, बदलूच नका, या घड्याळात आठ वाजेपर्यंत कॅमेरा बघायचा नाही.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही हां, १९८३ मध्ये थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली होती, काळजीला रोज ठराविक जागा आणि ठराविक अर्धा तास द्यायचा, बाकी वेळी आलेली काळजी त्या अर्ध्या तासावर ढकलायची. काळजी करू नका असं कुठंच म्हणायचं नाही, फक्त आत्ता नको म्हणायचं. काकांच्या घड्याळानं ते आधीच करून दाखवलं होतं. साडेअकरा ते बारा, कॅमेरा आणि काळजी दोन्ही, खुर्चीत बसून. आग लागली किंवा कुणाला लागलं तर धाकट्यानं काकूंच्या फोनवर कॉल करायचा, बाकी काही नाही. काकांचा मोबाईल शेंगा चटणीच्या डब्यामागे.

तिसऱ्या दिवशी काका सकाळी नऊलाच स्कूटर घेऊन कारखान्यात हजर, "कॅमेरा बघू नका म्हणला होता, जाऊ नका असं कुठं म्हणला होता?" हसावं की रडावं. पण दुसऱ्या महिन्यात अर्धा तास दहा मिनिटांवर आला, कारण साडेअकरापर्यंत बहुतेक गोष्टी मिटलेल्या असायच्या, आणि धाकटा आता आपणहून दुपारी सल्ला विचारायला लागला होता. पाण्याची काळजी मात्र मी काढायला गेलेच नाही, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून टाकी भरणं याला सोलापुरात आजार म्हणत नाहीत.

नोव्हेंबरात काका आले, मनगट पुढं करून म्हणाले, "मॅडम, पोराचा फोन होता, तिकडं घड्याळ एक तास मागं केलंय. मी पण केलं. आता साडेबारापर्यंत बघायचं नाही ना?"

काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा जेवणच करून घ्या की आधी."