डिस्टेंपरमधून वाचलेली, पाय उडणारी कुत्री शेल्टरमधून घरी आणावी का?

तुम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहता, दोघंही नोकरी करता आणि शेल्टरमधली दोन वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री, तुमच्या मनात भरली आहे. तिला पिल्लू असताना डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार) झाला होता, मागचा एक पाय सतत झटक्याने उडतो, मध्यंतरी गोचीड तापही येऊन गेला. घरचे म्हणतात, धडधाकट बघा एखादी. माझं उत्तर आहे, हिलाच आणा. आमच्याकडे असाच पाय उडणारा कुत्रा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्टेंपरचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. कुत्रा वाचला तरी तिथली इजा राहते आणि तो झटका सहसा आयुष्यभर सोबत असतो. औषधाने फारसा फरक पडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला किती दुखत असेल! आमचा गाढ झोपतो तेव्हाही त्याचा पाय फरशीवर ठेक्यात टकटक वाजत असतो आणि तो खुशाल घोरत असतो. खाली गोधडी टाकायची, एवढंच. खरी अडचण गुळगुळीत टाइल्सची. चालण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा. लिफ्ट नसेल तर तिला एकदा जिना चढउतार करायला लावून बघा. शेल्टरच्या सपाट अंगणात ते कळत नाही. आजार होऊन एवढा काळ लोटला आहे, तेव्हा आता तिच्यापासून दुसऱ्या कुत्र्यांना लागण होण्याची भीती नाही.

पायापेक्षा महत्त्वाचा प्रश्न शेल्टरवाल्यांना विचारा: फिट येते का? डिस्टेंपरमधून उठलेल्या काही कुत्र्यांना येतात. फिट रोखणारं फिनोबार्बिटोन चालू असेल तर ती गोळी ठरलेल्या वेळेला, बहुधा बारा-बारा तासांनी, न चुकता द्यावी लागते आणि मनाने अचानक बंद करायची नसते. त्यानेच मोठी फिट येऊ शकते. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात हात घालू नका. आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर तडक डॉक्टर गाठा.

गोचीड तापाचं उलट आहे. तो बरा होतो, पण पुन्हा होऊ शकतो. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि चार दिवसांत कुत्रा पोळी मागायला लागला की लोक गोळ्या थांबवतात. तिचा कोर्स पूर्ण झाला का आणि नंतरच्या रक्ततपासणीत प्लेटलेट्स किती होत्या, ते कागदावर बघा. तोंडी 'आता बरी आहे' एवढ्यावर थांबू नका. गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच, अंडी भिंतीच्या फटीत घालते. तेव्हा गोचिडीचं औषध पावसाळ्यापुरतं नाही, डॉक्टर सांगतील तसं बारा महिने. आणि घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तिला कधीही देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात.

खर्चाचं म्हणाल, तर रोजची औषधं तुम्हाला वाटतात तेवढी महाग नसतात. महाग पडते ती अचानक उद्भवलेली रात्र. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं रुग्णालय, तुमच्याकडून लांब आहे. म्हणून घराजवळचा डॉक्टर कुत्री येण्याआधी ठरवा, आणि रात्री कोण फोन उचलतं तेही विचारून ठेवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तोच पुढे नडतो. गणपतीला गावी जाल तेव्हा तिला कोण बघणार? फिट येणारा कुत्रा बोर्डिंगवाले बऱ्याचदा घेत नाहीत. शेजारी, बहीण, कुणीतरी एक माणूस आत्ताच तयार करा, त्यांना गोळी द्यायला शिकवा. शेल्टरला सांगा की पहिले काही आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, नेतो. मग तिची फाइल घ्या, तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यानंतर दत्तकपत्रावर सही करा.