पहिली कुदळ चांदीची का?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं काम चांदीच्या फावड्यानं सुरू झालं होतं, असं ऐकलं. चांदी तर मऊ. तिनं खणणार कसं?

उत्तर : खणायचं नसतंच हो! शुद्ध चांदी मऊ म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. ‘स्टर्लिंग’ म्हणजे ९२.५ टक्के चांदी, पण तीही मुरमात वाकेल. २४ मार्च १९०० रोजी सिटी हॉलसमोर महापौर रॉबर्ट व्हॅन वाइक यांच्या हाती टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीनं घडवलेलं फावडं होतं. त्यांनी माती उचलली आणि आठवण म्हणून चक्क आपल्या रेशमी टोपीत भरून घेतली. घमेलं कुणी आणलं नसावं! खरं खोदकाम पुढं मजुरांनी साध्या लोखंडी हत्यारांनी केलं.

मला त्याहून गमतीचा वाटतो तो २७ ऑक्टोबर १९०४ चा, म्हणजे ती भुयारी रेल्वे सुरू झाली तो दिवस. तोवर महापौर बदलले होते. गाडी सुरू करून देण्यासाठी नवे महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांना गाडी चालवायची चांदीची मूठ दिली. मान म्हणून थोडं चालवतील नि उतरतील, असा सगळ्यांचा हिशोब. गृहस्थ मूठ सोडेनात. थेट १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी त्यांनीच हाकली. शोभेच्या चांदीला खरं काम मिळालेलं मला ठाऊक असलेलं हे एकच उदाहरण.

प्रश्न : पहिल्या कुदळीला कधी विघ्न आलं आहे का?

उत्तर : ४ जुलै १८२८. वॉशिंग्टनजवळ चेसापीक-ओहायो कालव्याचा मुहूर्त, कुदळ मारायला अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. फावडं जमिनीतल्या मुळावर आपटलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी कोट उतरवला, माती निघाली आणि भाषणाला मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या. त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचाही मुहूर्त झाला. ओहायो नदीपर्यंत जायचा कालवा १८५० मध्ये वाटेतल्या कंबरलँड गावाला पोचला आणि तिथंच थांबला. रेल्वे तिथं १८४२ मध्येच आली होती.

प्रश्न : आपल्या रेल्वेची पहिली कुदळ कुठं पडली?

उत्तर : शीव इथं, ३१ ऑक्टोबर १८५० ला. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली.

प्रश्न : पणजोबांच्या पेटीत कोरीव लेख असलेली चांदीची थापी सापडली. दाट काळी पडली आहे. रांगोळीनं घासू का?

उत्तर : कृपा करून नको! रांगोळी, टूथपेस्ट, राख, यांपैकी काहीच नको. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो वरवरचा असतो. घासण्यानं मात्र अक्षरं झिजतात, आणि पायाभरणीच्या अशा थापीत वजनापेक्षा ती अक्षरंच मोलाची: कोणती इमारत, कोणता दिवस, कोणाचा हात. आधी तिरप्या उजेडात लेखाचा फोटो काढा. मग मागचे छाप बघा. चालता सिंह असेल तर इंग्लंडची स्टर्लिंग; ‘ई.पी.एन.एस.’ असेल तर चांदीचा नुसता मुलामा. मुलामा निघाला तरी मोडीत देऊ नका.

मऊ सुती कापडानं पुसा, वर्तमानपत्रात किंवा रबराजवळ ठेवू नका. मूठ पांढरी, बारीक जाळीदार रेषांची असेल तर ती हस्तिदंताची असू शकते. तशी असल्यास विकायचा विचार करू नका. भारतात त्याच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे. आणि तिला पाण्यात बुडवू नका, तडकते.